आपला नंबर येईपर्यंत

(उन्हाळी सुट्टीत नौपाड्यातल्या एका सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, समोरची निम्मी मुलं सकाळचे नेट्स करून थेट इथे आली आहेत, हे त्यांच्या पांढऱ्या पँटवरच्या लाल मातीवरून दिसतंय. त्यांच्यापुढे बेसबॉलविषयी, तेही व्हिडिओ गेममधल्या बेसबॉलविषयी बोलायचं कारण सांगतो. क्रिकेटच्या गेममध्येही आता करिअर मोड असतो. पण खेळाडूचं आयुष्य पडद्यावर कसं मांडायचं, याचा विचार बेसबॉलवाल्यांनी फार आधीपासून आणि फार मनापासून केलाय.

पालकांसाठी आधी थोडक्यात. करिअर मोडमध्ये संघ तुमचा नसतो, एकच खेळाडू तुमचा असतो. त्याचं नाव, चेहरा, मैदानावरची जागा तुम्ही ठरवता. मग त्याला खालच्या पायरीपासून वर न्यायचं.

आज सर्वात नावाजलेली मालिका म्हणजे सोनीची 'एमएलबी द शो'. अमेरिकेत खालच्या लीगमधले खेळाडू मेजर लीगला, म्हणजे सर्वात वरच्या लीगला, 'द शो' म्हणतात, म्हणून या गेममधल्या करिअर मोडचं नाव 'रोड टू द शो'. बरीच वर्षं हा प्रवास डबल-ए या खालच्या लीगच्या पायरीपासून सुरू व्हायचा, पुढे ट्रिपल-ए, मग मेजर लीग. 2025च्या आवृत्तीत तो शाळेपासून सुरू होतो आणि मधे आठ खऱ्या कॉलेजांपैकी एकाकडून खेळता येतं. 2024 पासून या मोडमध्ये मुलगी घडवता येते. माझ्या भाचीने त्या रात्री जेवणाचं ताट तसंच ठेवून स्वतःच्या नावाची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी खेळाडू, तयार केली होती, ते मी विसरणार नाही.

या मोडची खरी गंमत म्हणजे सामना नऊ इनिंगचा असला तरी तुम्हाला दिसतो फक्त तुमच्या वाट्याचा. बॅटर असाल तर तीन-चार वेळा प्लेटवर, म्हणजे फलंदाजीच्या जागेवर, उभं राहायचं, चेंडू तुमच्या दिशेने आला तर पकडायचा, बेसवर असाल तर धावायचं. बाकीचा सामना गेम झरझर पुढे सरकवतो आणि सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. सुरुवातीला मला हे अपुरं वाटलं. पण पन्नासेक सामने झाल्यावर उमगलं, की खेळाडूच्या आठवणीत त्याचा मोसम असाच उरत असणार. मेजर लीगच्या एका मोसमात 162 सामने असतात. त्यात दहापैकी तीनदा हिट मारणारा उत्तम बॅटर मानला जातो. उरलेल्या सात वेळा त्याने मान खाली न घालता डगआउटकडे परतायचं आणि तासाभराने पुन्हा उभं राहायचं. पहिल्या चेंडूवर बाद झाल्यावर ज्यांना घरी जेवण जात नाही, त्यांनी एक मोसम तरी हा मोड खेळावा. मी हे अगदी गांभीर्याने सांगतोय.

त्याच मालिकेवर माझा रागही आहे. एकेकाळी या वर्षीची कारकीर्द पुढच्या वर्षीच्या गेममध्ये नेता यायची. नंतर ती सोय बंद झाली. माझा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, बारा मोसम खेळून जुन्या डिस्कमध्ये अडकून पडला. 2021 मध्ये तर तुमचा खेळाडू आणि पत्ते जमवून संघ बांधायचा 'डायमंड डायनॅस्टी' हा वेगळा प्रकार एकमेकांना जोडले गेले. खेळाडूची कारकीर्द ही त्याची एकट्याची असावी, तिला पत्त्यांच्या पाकिटाची सोबत कशाला?

'एमएलबी टूके' मालिकेने 2010 मध्ये 'माय प्लेअर' आणला. कल्पना तीच, हात कच्चा. 2013 नंतर ती मालिका थांबली. तिच्यावर अधिक वेळ घालवत नाही.

माझ्या मनातला पहिला क्रमांक मात्र जपानी गेमचा आहे. कोनामीची 'पॉवरफुल प्रो बेसबॉल' मालिका 1994 साली सुरू झाली. मोठ्या डोक्याचे, ठेंगणे, बाहुल्यांसारखे खेळाडू. बॅट चेंडूवर बसण्याची खरी अनुभूती 'द शो'मध्ये जास्त आहे, यात वाद नाही. पण 1996 च्या तिसऱ्या गेममध्ये त्यांनी 'सक्सेस' नावाचा मोड आणला, आणि त्यात सामने थोडे, दिवस जास्त. 2007 मध्ये 'एमएलबी पॉवर प्रोज' या नावाने तो इंग्रजीत आला. तुम्ही कॉलेजचा विद्यार्थी. सराव करायचा की अभ्यास, काम करून चार पैसे मिळवायचे की मैत्रिणीला भेटायचं, की नुसतं झोपायचं, हे तुम्ही ठरवायचं. स्काउट, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणारा माणूस, बघायला यायच्या आत तयार व्हायचं. काही तासांत ही सगळी वर्षं संपतात आणि जो खेळाडू घडला असेल तो इतर मोडमध्ये खेळायला मिळतो.

पडद्यावर त्याच्या ताकदीची एक पट्टी असते. प्रत्येक सरावाने ती घटते. ती खाली गेल्यावरही सराव रेटला तर दुखापतीची शक्यता वाढत जाते. जपानी गेममध्ये एक विक्षिप्त डॉक्टरही भेटतो. त्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली तर तुमचा खेळाडू झेप घेतो, फसली तर होतं तेही जातं. हो म्हणायचं की नाही, तुमची मर्जी.

त्या पट्टीशी माझं वैयक्तिक नातं आहे. सोळाव्या वर्षी मी कळव्याहून पहाटेची लोकल पकडून ठाण्यातल्या एका मैदानावर गोलंदाजी करायला यायचो. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, रविवारी सामना. खांदा दुखतोय म्हटलं की प्रशिक्षक म्हणायचे, दुखतंय म्हणजे तयार होतोयस. निवड चाचणीच्या तीन आठवडे आधी चेंडू टाकताना खांद्यात कळ गेली आणि हात वर जाईना. त्या चाचणीला मी गेलोच नाही. आई रोज रात्री तेल चोळायची आणि म्हणायची, अरे, एक दिवस झोप ना. पंचविसाव्या वर्षी 'सक्सेस' खेळताना माझ्या बाहुलीने 'विश्रांती' घेतली, पट्टी भरली आणि पुढच्या आठवड्यात तिचा चेंडू जास्त वेगाने गेला. मी कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसलो होतो. आईचं म्हणणं कुणीतरी आकड्यांत मांडलं होतं.

आपल्याकडचं खरं उदाहरण घ्या. रिंकू सिंग, क्रिकेटवाला नव्हे, आणि दिनेश पटेल. दोघेही उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवड होऊन 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगच्या संघाने त्यांना करारबद्ध केलं. 2009 मध्ये अगदी तळाच्या नवशिक्यांच्या लीगपासून सुरुवात. मेजर लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत. रिंकूने काही वर्षं खालच्या लीगमध्ये टिकून पिचिंग केलं, मग दुखापती आड आल्या. भाला फेकणारा खांदा चेंडू फेकायला शिकवायचा तर पट्टी किती वेळा रिकामी होत असेल, याचा विचार मी अजून करतो.

आता जरा दिवे मंद करा. माझा जुना प्लेस्टेशन टू प्रोजेक्टरला जोडलाय. हा आपला पिचर. पट्टी बघा, निम्म्याच्याही खाली. स्काउट लवकरच येणार आहे. पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी, ये बाळा, हा कंट्रोलर धर. सराव की झोप?