एकतीस वेळा दुप्पट

नमस्कार श्रोतेहो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर एक संख्या लिहून घ्या. दोनशे चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख, त्र्याऐंशी हजार, सहाशे सत्तेचाळीस. एक घ्या, तो एकतीस वेळा दुप्पट करा आणि येईल त्यातून एक वजा करा, की ही संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच निःशेष भाग जात नाही.

पण हे ठरवायचं कसं? शाळेतल्या रीतीने तिच्या वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. त्या भरतात पावणेपाच हजारांच्या वर. तेवढे भागाकार हाताने!

इथे गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर येतात. साल १७७२, गाव सेंट पीटर्सबर्ग. उजवा डोळा केव्हाच गेलेला, डावाही मोतीबिंदूपायी जवळजवळ गेलेला. त्यांनी भागाकार सुरू करण्याआधी विचारलं, कोणाचा भाग जाणं शक्यच नाही?

याची गंमत लहान उदाहरणात बघा. एकाची अकरा वेळा दुप्पट केली, २०४८. एक वजा केला, २०४७. ही काही मूळ नाही, ती आहे तेवीस गुणिले एकोणनव्वद. आता तेवीसातून एक काढा, बावीस. एकोणनव्वदातून एक काढा, अठ्ठ्याऐंशी. अकरा दुणे बावीस, अकरा आठे अठ्ठ्याऐंशी! हा योगायोग नव्हे. घातांक, म्हणजे दुप्पट करण्याच्या वेळा, अकरा असेल तर प्रत्येक मूळ भाजक अकराच्या पाढ्याहून एकाने पुढेच असतो.

आपल्या संख्येत अकराच्या जागी एकतीस. त्यात आणखी एक अट जोडली, की २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ उरेल असेच भाजक शिल्लक राहतात. मग भागाकार जास्तीत जास्त ३७२. एकही निःशेष गेला नाही. मला विचाराल तर त्या ३७२ पेक्षा न केलेल्या भागाकारांचं कौतुक जास्त.

या मूळ संख्येपासून एक भलीमोठी परिपूर्ण संख्याही तयार होते, स्वतःला सोडून बाकी सगळ्या भाजकांची बेरीज जिची तीच येते अशी. १८११ साली पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहून टाकलं, याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणारच नाही, कारण यांचा उपयोग काय, कोण शोधत बसेल! पुढे त्याच शतकात मोठ्या सापडल्या.

आणि उपयोगाचं म्हणाल, तर जुन्या ३२ बिटांच्या, म्हणजे संख्या ३२ शून्य-एकांत मांडणाऱ्या, संगणकांत अधिक-उणे चिन्हासह मांडलेल्या पूर्णांकाची कमाल मर्यादा नेमकी हीच. अशा यंत्रांतली घड्याळं १९७० च्या आरंभापासून एकेक सेकंद मोजत आली आहेत. १९ जानेवारी २०३८, मंगळवार, आपल्याकडे सकाळचे आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं आणि सात सेकंद. तेव्हा त्या घड्याळांत ऑयलरांची संख्या उमटेल. दुरुस्त न केलेल्या घड्याळाची मर्यादा तिथे संपेल, आकडा उलटून उणे होईल आणि पुढच्या सेकंदाला ते थेट डिसेंबर १९०१ दाखवेल.