बँकॉकमधल्या कोणाच्याच नसलेल्या जागा

मित्रहो,

कचरा, रंग फासून विद्रूप केलेल्या भिंती आणि ओस पडलेल्या सार्वजनिक जागा यांचा विषय निघाला की चर्चा लगेच लोकांच्या सवयींवर येऊन थांबते. आज मी बँकॉकचे उदाहरण घेतो आहे, कारण सवयी सुधारण्याचा प्रयत्न या शहराने चाळीस वर्षांपूर्वीच मनापासून करून पाहिला आहे, आणि त्यानंतरही ज्या जागा घाणच राहिल्या त्या का राहिल्या, हे तिथे लख्ख दिसते. माझे म्हणणे एवढेच आहे की शहरातली घाण मुख्यतः हद्दींवर साचते. जिथे एका खात्याची जबाबदारी संपते आणि दुसऱ्याची सुरू झालेली नसते, अशा जमिनीवर.

१९८४ साली खुनयिंग चोडचोय सोफोनपनिच यांच्या पुढाकाराने थायलंडमध्ये ‘ता विसेत’ ही मोहीम सुरू झाली. हिरव्या रंगातले टपोरे डोळे हे तिचे चिन्ह होते आणि ‘कचरा टाकू नका, जादूचे डोळे बघताहेत’ अशा आशयाचे तिचे घोषवाक्य होते. त्या काळात लहान असलेल्या थाई माणसाला ते आजही चालीसकट आठवते. माझ्या मते हे फार मोठे काम होते. त्यापाठोपाठ १९९२ साली स्वच्छता आणि सुव्यवस्थेचा कायदा आला. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला दोन हजार बाटपर्यंत आणि रस्त्यालगतच्या भिंतीवर रंग फवारणाऱ्याला पाच हजार बाटपर्यंत दंड त्यात ठरवला गेला. म्हणजे शिकवणही झाली आणि शिक्षाही झाली. पण द्रुतगती मार्गांच्या खांबांमधले पट्टे, रेल्वेच्या कडेच्या पडीक जागा, सरकारी कज्ज्यात अडकलेली बांधकामे यांना शिकवण लागू पडत नाही आणि दंडही लागू पडत नाही, कारण तिथे रोज येऊन पाहणारा, झाडणारा आणि वरिष्ठांना जाब देणारा माणूसच नेमलेला नसतो.

चाओ फ्राया नदीवरचा फ्रा पोक क्लाव पूल पाहा. तो १९८४ साली वाहतुकीला खुला झाला. दोन बाजूंना मोटारींचे रस्ते आणि त्यांच्या मधोमध उन्नत रेल्वेसाठी राखलेला एक अरुंद सांगाडा, अशी त्याची रचना होती. ‘लावालिन’ या नावाने ओळखली गेलेली ती रेल्वे योजना १९९२ साली रद्द झाली. रूळ आले नाहीत, गाडी आली नाही, आणि नदीच्या ऐन मध्यावर काँक्रीटचा एक पट्टा दोन्ही टोकांना काहीच न जोडणारा असा उरला. आजूबाजूचे लोक त्याला तुटका पूल म्हणू लागले. रेल्वे होणार नव्हती म्हणून वाहतूक खात्याला त्यात रस नव्हता, आणि ती उद्यानाची जागा नव्हती म्हणून उद्यान खात्याचाही त्याच्याशी संबंध नव्हता.

पुढे चुलालाँगकॉर्न विद्यापीठाशी जोडलेल्या शहरी रचना केंद्राने कुडी चीन आणि ख्लोंग सान या जुन्या वस्त्यांमधल्या रहिवाशांबरोबर बसून आराखडा केला, महानगर प्रशासनाने तो उचलला, आणि जून २०२० मध्ये त्याच सांगाड्यावर २८० मीटर लांबीचे उद्यान खुले झाले. दोन्ही अंगांनी मोटारी धावत असतात आणि मधून, कमरेएवढ्या झुडपांच्या कडेने, माणसे नदी ओलांडतात; कोणी पायऱ्यांवर बसून सूर्यास्त बघतो, कोणी धावण्याचा सराव करतो. या जागेच्या काँक्रीटमध्ये फारसा बदल झालेला नाही. बदलले ते हे, की तिला उघडण्याची आणि बंद करण्याची वेळ मिळाली, माळी मिळाला, आणि दिवा गेला तर कोणाला सांगायचे हे ठरले.

सगळ्याच जागांचे नशीब असे नसते. १९९० साली करार झालेल्या आणि १९९८ साली गुंडाळलेल्या होपवेल या उन्नत रस्ता-रेल्वे प्रकल्पाचे खांब विभावदी रांगसित रस्त्याच्या कडेने कित्येक वर्षे उभे होते, आणि त्या मुदतीत लवाद आणि न्यायालये यांच्या फेऱ्या चालूच राहिल्या. वाद मिटेपर्यंत खांबाला हात लावायचा कोणी, हा प्रश्न सुटत नाही आणि खालचे गवत वाढत राहते.

आता भिंतींकडे येऊ. रंगवलेली प्रत्येक भिंत म्हणजे विटंबना, असे मी मानत नाही. २०१८ च्या सुरुवातीला ‘हेडेक स्टेन्सिल’ या टोपणनावाच्या चित्रकाराने तेव्हाचे उपपंतप्रधान प्रवित वोंगसुवान यांचा चेहरा गजराच्या घड्याळात बसवून रंगवला; त्या वेळी त्यांच्या मनगटावरची महागडी घड्याळे गाजत होती. काही आठवड्यांनी, अभयारण्यात काळ्या बिबट्याची शिकार केल्याच्या आरोपावरून एका बड्या बांधकाम उद्योजकाला अटक झाल्यावर, आवाज बंद केल्याची खूण असलेला काळा बिबट्या शहरातल्या भिंतींवर उमटला. ही चित्रे फार दिवस टिकली नाहीत, त्यांच्यावर चुन्याचा किंवा रंगाचा हात फिरला. त्याच शहरात गल्लीबोळांतल्या शटरांवर आणि उड्डाणपुलांच्या पायांवर फवारलेली नावे वर्षानुवर्षे तशीच असतात. यावरून एक गोष्ट उघड होते: भिंत साफ करण्यासाठी लागणारी माणसे, शिड्या आणि रंग यंत्रणेजवळ आहेत. त्या कुठे आधी पाठवायच्या, हे वरून कोणी तरी ठरवते, आणि ज्या भिंतीबद्दल वरून कोणी विचारत नाही ती रांगेत मागे राहते.

म्हणूनच २०२२ नंतर झालेला बदल मला महत्त्वाचा वाटतो. त्या वर्षीच्या मे महिन्यात चाडचार्ट सिट्टीपंट बँकॉकचे राज्यपाल, म्हणजे आपल्याकडच्या महापौरासारखे शहरप्रमुख, म्हणून निवडून आले आणि महानगर प्रशासनाने ‘ट्रॅफी फाँडू’ ही तक्रार व्यवस्था सर्रास वापरायला घेतली. ती सरकारी संशोधन संस्थेने आधीच तयार केलेली होती. नागरिक मोबाइलवरून फोटो आणि ठिकाण पाठवतो, तक्रार संबंधित कार्यालयाकडे जाते, आणि तिचे पुढे काय झाले हे सगळ्यांना दिसते. तक्रारीला नाव चिकटते, ही त्यातली खरी ताकद आहे. मात्र जमीन रेल्वेची, बंदराची किंवा द्रुतगती मार्ग प्राधिकरणाची असेल, तर महानगराचा राज्यपाल विनंतीपलीकडे फारसे काही करू शकत नाही, आणि बँकॉकमधले कितीतरी ओसाड पट्टे नेमके याच संस्थांच्या मालकीचे आहेत.

खासगी भूखंडांची गोष्ट निराळी आहे आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे. २०१९ च्या जमीन आणि इमारत कर कायद्याने मोकळ्या जमिनीवर ०.३ टक्क्यांपासून कर बसवला, जो जमीन रिकामी राहिली तर दर तीन वर्षांनी वाढत जातो. शेतजमिनीचा दर मात्र ०.०१ टक्क्यापासून सुरू होतो. परिणाम असा झाला की रत्चदाफिसेकसारख्या महागड्या रस्त्यालगत, कार्यालयांच्या मनोऱ्यांच्या पायथ्याशी, अब्जावधी बाटच्या जमिनीवर लिंबाची आणि केळीची रोपे रांगेने उभी राहिली. ही झाडे फळांसाठी लावलेली नाहीत, आणि कुंपणाबाहेरून चालणाऱ्या माणसाला त्यांची सावलीही मिळत नाही. याच कराचा आधार घेऊन प्रशासनाने दुसरी वाटही उघडली: मालकाने जमीन ठरावीक वर्षांसाठी सार्वजनिक बागेला दिली तर करातून सूट. घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर बाग, या योजनेतल्या काही बागा अशा उसन्या जमिनीवर झाल्या आहेत. मुदत संपल्यावर त्या राहतील का, हा प्रश्न उरतोच, पण तोवर त्या जागेची झाडलोट होते आहे, याला मी कमी लेखत नाही.

शेवटी ख्लोंग ओंग आंगविषयी बोलतो. राजधानी वसवताना खोदलेल्या जुन्या खंदकाचा हा दक्षिणेकडचा भाग. त्याच्यावर पसरलेला सफान लेकचा बाजार २०१५ साली हटवण्यात आला, काठ बांधले गेले, भिंतींवर चित्रे आली. फाहुरातची भारतीय वस्ती तिथून जवळ असल्याने काही चित्रांत भारतीय जीवनही आहे. २०२० मध्ये या कामाला आशियाई नगरदृश्य पुरस्कार मिळाला आणि शनिवार-रविवारी काठ गजबजू लागला. मग महासाथीत सगळे बंद पडले आणि ती पहिली वर्दळ पुन्हा तशी परतली नाही. हा कालवा फ्रा नखोन आणि सम्फंथवोंग या दोन जिल्ह्यांची सीमा आहे: एक काठ एकाचा, दुसरा काठ दुसऱ्याचा, आणि मधले पाणी जलनिःसारण खात्याचे. बांधकामासाठी या सगळ्यांना एका आराखड्याखाली आणता आले होते. रोजच्या झाडलोटीसाठी, उखडलेली फरशी बसवण्यासाठी आणि पोपडे आलेल्या चित्रांवर पुन्हा रंग देण्यासाठी तसा एकच आराखडा, एकच अधिकारी आणि एकच खर्चाचे शीर्षक असले पाहिजे, आणि पुरस्कार देणाऱ्यांनीही पाच वर्षांनी परत येऊन आधी तेच तपासले पाहिजे.