अष्टमीचा भांग, पुढचा भाग

नमस्कार श्रोतेहो.

हर्णैला १ जून उजाडला की बंदराचा आवाजच बदलतो. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. संध्याकाळचा लिलाव थांबतो. काही होड्या वर ओढून ताडपत्रीखाली जातात, काही आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला. आणि मग आमच्या वाचनालयाच्या पायरीवर ओल्या छत्र्या दिसायला लागतात. तिथे मी बावीस वर्षं पुस्तकं दिली आणि घेतली. पावसाळ्यातली सगळ्यात मोठी मागणी मला पाठ आहे: ऐतिहासिक कादंबरी, आणि तीही चार-पाच भागांची.

अशा मालिकेचा वाचक पुस्तकाचं नाव घेत नाही. तो येतो, छत्री झटकतो आणि म्हणतो, "बाई, तिसरा द्या." कशाचा तिसरा, हे मला ठाऊक असायलाच हवं, असं तो गृहीत धरतो. एकदा तिसरा भाग एका चाकरमान्याच्या पिशवीतून मुंबईला गेला. तो गणपतीलाच परत येणार होता. मधल्या काळात दुसरा भाग संपवून बसलेले सातजण रोज चौकशीला येत. चौथा भाग कपाटात समोर दिसत होता, पण एकानेही तो मागितला नाही. राजे आग्र्यात अडकलेले सोडून पुढचं कसं वाचायचं? गणपतीच्या आदल्या दिवशी पुस्तक आलं तेव्हा सातांपैकी तिघं पायरीवर हजर होते. पहिला कोण, ते त्यांनी आपसातच ठरवलं. मला विचारलंसुद्धा नाही.

ही वाट पाहण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि 'उषःकाल' त्यातून क्रमशः आली. आपल्या पणजोबांच्या पिढीनं शिवकाळ असा आठवड्या-आठवड्यानं वाचला आहे. आज आपण सगळे भाग एकगठ्ठा घरी नेऊ शकतो, तरी मला वाटतं, या कादंबऱ्यांची खरी चव त्या थांबण्यातच आहे. दोन भागांच्या मधल्या दिवसांत माणसं त्या गोष्टीविषयी बोलतात, भांडतात, किल्ल्याकडे बघतात.

मला स्वतःला सगळ्यात जवळचे नाथमाधव. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचं पूर्ण नाव. १८८२ चा जन्म. तरुणपणी शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखालचं शरीर लुळं झालं. त्यानंतर त्यांनी लिहायला घेतलं. 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार' अशी ती मालिका चालत राहिली. १९२८ साली गेले तेव्हा त्यांना पन्नाशीसुद्धा गाठता आली नव्हती. ज्या माणसाला घराचा उंबरठा ओलांडणं कठीण, त्याच्या कादंबरीतले मावळे रात्रीत कडे चढतात, घोडी फेकत कोसच्या कोस जातात. हे मी वाचकांना सांगायची, तेव्हा ते पुस्तक हातात घेऊन क्षणभर गप्प उभे राहायचे. त्यांच्या 'सावळ्या तांडेल'ला तर आमच्याकडे नावामुळेच मान. तांडेल म्हणजे नावेचा प्रमुख. तो शब्द पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पाहिला की इथल्या माणसाला आपल्या घरचा कुणी तिथे बसल्यासारखं वाटतं.

दुसरे गोनीदा. गोपाळ नीलकंठ दांडेकर. त्यांच्या पाच शिवकालीन कादंबऱ्यांपैकी 'दर्याभवानी' दर्यावर आली, म्हणून ती आमच्याकडे सगळ्यात झिजलेली. आधी गड पायाखाली घालायचा आणि मग लिहायचं, ही त्यांची रीत वाचकाला न सांगता कळते. पायवाट कुठे वळते, पाण्याचं टाकं कुठल्या अंगाला आहे, हे त्यांच्या ओळींत बरोबर असतं. त्यांच्या कादंबऱ्यांची अभिवाचनं त्यांच्या कन्या वीणा देव आणि जावई विजय देव यांनी वर्षानुवर्षं केली. मला ते फार योग्य वाटतं, कारण ही भाषा कानांसाठीच लिहिलेली आहे. आमच्या वाचनालयातसुद्धा पावसाळ्यात दुपारी एकजण वाचायचा आणि बाकीचे जाळ्यांची दुरुस्ती करत ऐकायचे.

आता भांडणाविषयी. आमच्या खिडकीतून सुवर्णदुर्ग दिसतो. १७५५ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं याच किल्ल्यावर तोफा डागल्या. तेव्हा पेशवे आणि इंग्रज एका बाजूला, मराठी आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे दुसऱ्या बाजूला. पुढच्या वर्षी, १७५६ च्या फेब्रुवारीत, इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. पेशवाईवरच्या कादंबऱ्या बहुधा पुण्याच्या वाड्यात घडतात. तिथून बघितलं तर हा एका बंडखोर सरदाराचा बंदोबस्त. किनाऱ्यावरून बघितलं तर ती गलबतं आपली होती. एका मालिकेत हा प्रसंग दोन पानांत उरकला होता, तेव्हा आमचे दोन वाचक आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत. एक म्हणायचा, तुळाजी कुणाचंच ऐकत नव्हता, पेशवा काय करणार? दुसरा म्हणायचा, आपल्याच हातानं आपलं आरमार जाळून मग समुद्रावर इंग्रजाला अडवणार कोण? माझं मत दुसऱ्याकडे झुकतं, ते मी लपवलं नाही. पण दोघांनीही त्या लेखकाची पुढची कादंबरी सोडली नाही. रागावलेला वाचक पुस्तक परत देताना दार आपटतो आणि पुढच्या भागासाठी सगळ्यात आधी येतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

याच भांडणातून आमच्याकडे लोक 'आज्ञापत्र' मागायला लागले. रामचंद्रपंत अमात्यांच्या राज्यकारभारावरच्या त्या ग्रंथात आरमारावर एक प्रकरण आहे. आंबा-फणसाचं लाकूड आरमाराला उपयोगी, पण त्या झाडांना हात लावू द्यायचा नाही, कारण रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्यातला आशय. एक कलमांचे बागायतदार ते पान वहीत उतरवून घेऊन गेले. शाळेनंतर पहिल्यांदाच लेखणी धरली, म्हणाले. कादंबरीनं माणसाला या पानापर्यंत आणून सोडलं, यापेक्षा मोठं काम ती काय करणार?

आणि आता ज्यांच्यासाठी मी आज इथे बोलायला आले, ते आमचे तांडेलआजोबा. जन्म शिडाच्या गलबतांच्या काळातला. नजर गेली होती, म्हणून नात वाचून दाखवायची. एका मालिकेचा चौथा भाग चालू होता. प्रसंग असा: कृष्ण अष्टमीची मध्यरात्र, समुद्राला उधाण आलेलं, होड्या भरतीबरोबर थेट किल्ल्याच्या तटाला लागतात, आणि त्याच क्षणी डोंगरामागून अर्धा चंद्र वर येतो. नात थरारून वाचत होती. आजोबांनी हात वर केला.

"थांब गो बाय. अष्टमीला कसलं उधाण? अष्टमीला भांग."

श्रोत्यांपैकी किनाऱ्यावर न राहणाऱ्यांसाठी सांगते. उधाण अमावास्येला आणि पौर्णिमेला. अष्टमीच्या आसपास पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही, त्याला आमच्याकडे भांग म्हणतात. शिवाय भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला, आणि मध्यरात्री सुकती, म्हणजे ओहोटी. लेखकाच्या होड्या तटाला लागायच्या ऐवजी खडकांत बसल्या असत्या.

मी म्हटलं, "आजोबा, मग पुस्तक बदलून देऊ का?"

ते माझ्याकडे असे वळले, जणू मी त्यांच्या घरच्या माणसाला काही बोलले. "बदलून? का? त्याला चांदोबा दाखवायचा होता गो. अष्टमीचा चांदोबा मध्यरात्रीच वर येतो, ते त्याला बरोबर ठाऊक. आभाळ बघून लिहिलंन, पाणी नाही बघितलंन." मग थोड्या वेळानं म्हणाले, "त्याला पत्र घाल. सांग, पुढल्या टायमाला होडीत बसायला ये म्हणावं."

मी पत्ता शोधला. लेखक जाऊन बरीच वर्षं झाली होती. आजोबांना सांगितलं, तेव्हा ते काही बोलले नाहीत. नातीला म्हणाले, "पुढे वाच." ती पूर्ण मालिका त्यांनी त्या पावसाळ्यात ऐकली, आणि शेवटच्या भागाला, राजे गेले त्या पानावर, दोन दिवस थांबले.

आजोबा नारळी पौर्णिमेनंतर गेले. पुस्तक परत आलं तेव्हा चौथ्या भागात, त्या ओळीशेजारी, शिसपेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'अष्टमीस भांग.' अक्षर नातीचं, सांगणारे आजोबा. वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये, ही पाटी मीच लावली होती. ते मी खोडलं नाही.

गेल्या जूनमध्ये नात पुन्हा आली. आता ती शिक्षिका आहे, रत्नागिरीकडे. तिनं तोच चौथा भाग नेला आणि आठ दिवसांनी आणून दिला. मी पान उघडून पाहिलं. आजोबांच्या ओळीखाली नवी ओळ होती, शाईची:

'अमावास्या घ्यायला हवी होती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे मध्यरात्रीच्या आसपास भरती, आणि तीही उधाणाची. शिवाय अंधार, म्हणजे पहारेकऱ्याला होड्या दिसल्या नसत्या. फक्त चंद्र गेला असता.'

पुस्तक माझ्या हातात देऊन ती दारापर्यंत गेली, आणि वळून म्हणाली, "बाई, पाचवा आहे ना आत?"