आठ आडव्या पट्ट्या
(माहितीपटाचे निवेदन)

[पडद्यावर: कोरी वर्कशीट. दोन कॉलम हळूहळू भरत जातात.]

एका कॉलममध्ये आठ विभागांची नावं. शेजारी त्या विभागांबद्दल वर्षभरात आलेल्या तक्रारी. बेरीज २४०. हा तक्ता आम्ही फिल्मसाठी तयार केला, विभागही काल्पनिक आणि आकडेही. पण असला एखादा तक्ता तुमच्याही कुठल्यातरी फोल्डरमध्ये पडून असणारच.

तक्त्यात कुठेही क्लिक करायचं आणि ऑल्ट धरून एफ-१ दाबायचं. एक्सेल तिथल्या तिथे चार्ट काढून देतं. हा बघा. आठ निळे उभे स्तंभ. शीर्षकाच्या जागी कॉलमचंच नाव. खाली विभागांची नावं मावली नाहीत म्हणून तिरकी झालेली, म्हणजे वाचणाऱ्यानं मान वाकडी करायची.

बहुतेक चार्टचा प्रवास इथेच संपतो. इथून ते थेट अहवालात जातात. फार तर वाटेत कुणाला तरी वाटतं, जरा आकर्षक करूया.

[पडद्यावर: स्तंभ नाहीसे होतात. त्रिमितीय पाय चार्ट, म्हणजे तुकड्यांत कापलेलं वर्तुळ, फिरत येऊन थांबतो.]

दिसायला देखणा आहे. आता सांगा, सगळ्यात जास्त तक्रारी कुठल्या विभागाच्या?

[पाच सेकंद निवेदन नाही.]

पुढ्यात आलेला तुकडा दुरुस्ती विभागाचा. तोच सगळ्यात मोठा वाटतो, कारण वर्तुळ कललेलं आहे. पुढच्या तुकड्याची कड जाडीसकट दिसते आणि मागचे तुकडे दबून जातात. दुरुस्तीचा आकडा ४७. मागे दबलेल्या बिलिंगचा ५८. दोन्ही तुकड्यांच्या कोनांत साडेसोळा अंशांचा फरक आहे, तरी डोळा फसतो.

माणसं आलेखातून आकडे कितपत अचूक वाचतात, याचे प्रयोग विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ साली प्रसिद्ध केले. एकाच मोजपट्टीवरचं स्थान डोळ्याला सगळ्यात नीट कळतं. लांबी आणि कोन त्याच्या मागे. क्षेत्रफळ, घनफळ आणखी मागे. म्हणजे त्रिमितीय पाय चार्ट काढणारा माणूस यादीतलं पहिलं साधन सोडून मुद्दाम शेवटची उचलतो.

[पडद्यावर: जुन्या छापील आलेखाचं पान. कॅमेरा डावीकडून उजवीकडे, रेषेच्या अगदी जवळून सरकतो.]

हा आलेख १७८६ सालच्या एका छापील संग्रहातला. काढला विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थांनी. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉट यांच्याकडे नकाशे-आराखडे काढण्याचं काम त्यांनी केलं होतं. पानावर इंग्लंडचा डेन्मार्क आणि नॉर्वेशी चाललेला व्यापार आहे. १७०० पासून १७८० पर्यंत आयातीची एक रेषा, निर्यातीची एक. मध्येच दोन्ही एकमेकींना छेदतात, आणि व्यापाराचं पारडं कुठल्या सुमारास फिरलं ते एकही आकडा न वाचता कळतं.

आता या पानावर लेजंड शोधा. कुठली रेषा कशाची हे सांगणारी, कोपऱ्यातली ती चौकट. नाहीच. आयातीच्या रेषेवर आयात असं लिहिलंय, निर्यातीच्या रेषेवर निर्यात, आणि दोन्हींमधल्या रंगवलेल्या पट्ट्यात शिलकीचं नाव. नजर रेषेवरून हलतच नाही. आजचं सॉफ्टवेअर नावं उचलून लेजंडमध्ये टाकतं आणि वाचणाऱ्याला रंग जुळवायच्या कामाला लावतं. लेजंड निवडून डिलीट करायचं आणि रेषेच्या शेवटच्या बिंदूला नावाचं लेबल द्यायचं, एवढं काम आहे. प्लेफेअरनी ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेतलं होतं.

त्याच संग्रहातलं हे दुसरं पान. स्कॉटलंडचा १७ देशांशी व्यापार, आणि प्रत्येक देशासमोर आडव्या पट्ट्या. इथे रेषा का नाही? कारण प्लेफेअरकडे आकडे एकाच वर्षाचे होते. काळाबरोबर सरकणारी रेषा काढायची सोय नव्हती, म्हणून नाइलाजानं पट्ट्या आल्या. आणि हो, १८०१ मधला पाय चार्टही याच गृहस्थांचा. त्याबद्दल आम्ही इथे अधिक बोलत नाही.

[पडद्यावर: जुना संगणक, हिरवी अक्षरं.]

१९७९ मध्ये ॲपल टू या संगणकावर व्हिसिकॅल्क हा तक्त्यांचा प्रोग्रॅम आला. त्यात आकडे होते, चार्ट नव्हते. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आलं आणि तक्ता व आलेख एकाच प्रोग्रॅममध्ये नांदू लागले. आकडा बदलायचा, एफ-१० दाबायचं, आलेख पुन्हा काढलेला हजर. चार्ट काढायला तेव्हापासून क्षणभर पुरतो, आणि क्षणभरच दिला जातो.

[पडद्यावर: पुन्हा आपला तक्ता. माऊसचा बाण.]

आता त्या आठ विभागांकडे येऊ. चार्टचा प्रकार बदलून आडव्या पट्ट्या घेतल्या. विभागांची नावं सरळ झाली. तक्ता मोठ्याकडून लहानाकडे लावला: ५८, ५१, ४७, २९, २२, १६, ११, ६. आणि चार्ट उलटा झाला! सगळ्यात मोठी पट्टी तळाशी. यात बिघाड काही नाही. आडव्या चार्टमध्ये एक्सेल पहिली नोंद अक्षाच्या सुरुवातीला ठेवतं, आणि अक्ष खालून वर जातो. नावांच्या अक्षावर क्लिक करून कंट्रोल-१ दाबलं की उजवीकडे पट्टा उघडतो. त्यात ‘कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर’ अशी खूण आहे. ती केली की बिलिंग वर येतं.

पट्ट्या काडीसारख्या बारीक दिसतायत, कारण दोन पट्ट्यांमधली जागा सॉफ्टवेअरनं १८२ टक्के ठेवली आहे, म्हणजे पट्टीच्या रुंदीच्या जवळजवळ दुप्पट. ती ५० वर आणली. बघा, चार्टला अंग आलं. पट्ट्यांच्या टोकांना आकडे दिले. आकडे आले म्हटल्यावर मोजपट्टी कशाला? ती डिलीट. उभ्या ग्रिडलाइन, म्हणजे मागच्या बारीक रेघा, त्याही डिलीट.

आता रंग. एका पट्टीवर क्लिक केलं की आठही निवडल्या जातात. त्यांना फिका राखाडी दिला. मग एकाच पट्टीवर पुन्हा एकदा क्लिक, आणि या वेळी ती एकटी निवडली जाते. बिलिंग, पुरवठा, दुरुस्ती. तिघांना गडद निळा. बाकी पाच मागे राहिल्या, पण दिसेनाशा झाल्या नाहीत.

राहिलं शीर्षक. ‘विभागनिहाय तक्रारी’ हे कपाटावरच्या फळीचं लेबल झालं. पहिल्या तीन विभागांची बेरीज १५६, म्हणजे २४० पैकी ६५ टक्के. मग शीर्षक हेच: ‘तीन विभागांतून ६५ टक्के तक्रारी’. हे हातानं टाइप करू नका. वाक्य एका सेलमध्ये सूत्रानं तयार करा, शीर्षक निवडा, वर्कशीटच्या वर असलेल्या फॉर्म्युला बारमध्ये बरोबरचं चिन्ह (=) टाका, त्या सेलवर क्लिक करून एंटर दाबा. उद्या आकडे बदलले की टक्केही बदलतील. विभागांची संख्या मात्र डोळ्यांनीच तपासा.

[पडद्यावर: दोन स्तंभ शेजारी शेजारी. अक्षाचा तळ वर सरकतो.]

८२ आणि ८५. फरक तीनचा. अक्ष शून्यापासून असेल तर दोन्ही स्तंभ जवळपास सारखे. अक्ष ८० पासून सुरू केला, आणि आता दुसरा स्तंभ पहिल्याच्या अडीचपट उंच! दर वेळी हे कुणी डोळ्यांत धूळ फेकायला करतं असं नाही. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण १६.७ टक्क्यांपेक्षा कमी असला, की एक्सेल स्वतःहूनच शून्य सोडून देतं. स्तंभाचं सगळं म्हणणं त्याच्या उंचीत असतं, म्हणून तिथे किमान मूल्य शून्य टाकायचंच. रेषेचा चार्ट असेल तर एवढी सक्ती नाही. तिथे आपण चढ-उतार पाहतो.

[पडद्यावर: वर्षांचा कॉलम. चार्टच्या माथ्यावर एक सपाट रेषा.]

ही सपाट रेषा कसली? दोन हजारांच्या आसपास चाललीय. ही वर्षं आहेत. पहिल्या कॉलममध्ये वर्षं आकड्यांत असली की एक्सेल त्यांनाही माहितीच समजतं. तक्त्याचा डावीकडचा सगळ्यात वरचा सेल, ज्यात ‘वर्ष’ लिहिलंय, तो रिकामा करून चार्ट नव्यानं काढा. वर्षं खाली जाऊन बसतात.

आणि वर्षं सलग नसली, समजा २००१, २०११, २०१६, २०१८, तर लाइन चार्टमध्ये तशी ती सारख्या अंतरावर बसतात. दहा वर्षांची वाढ आणि दोन वर्षांची वाढ एकाच मापानं दिसते. तिथे स्कॅटर, म्हणजे बिंदूंचा चार्ट घ्या. त्यात वर्षं खऱ्या अंतरावर बसतात.

[पडद्यावर: लाल-हिरवा चार्ट, मग तोच कृष्णधवल.]

लाल-हिरव्याची जोडी टाळावी. अनेकांना तो फरक दिसत नाही, आणि साध्या प्रिंटरवर तर कुणालाच दिसत नाही. अशा चार्टवरून बैठकींत जे निर्णय होतात, तो वेगळ्या फिल्मचा विषय.

[पडद्यावर: तयार चार्ट. राइट क्लिक.]

एवढी मेहनत दर वेळी करायची गरज नाही. चार्टवर राइट क्लिक, ‘सेव्ह ॲज टेम्प्लेट’, म्हणजे साचा म्हणून जपून ठेवायचं, आणि एक नाव. पुढच्या वेळी चार्टचा प्रकार निवडताना टेम्प्लेट्सच्या यादीतून तेच घ्यायचं. पट्ट्यांची जाडी, राखाडी रंग, काढून टाकलेल्या ग्रिडलाइन, सगळं तसंच येतं. गडद कुठल्या पट्ट्या करायच्या, ते मात्र नव्या आकड्यांकडे बघून पुन्हा ठरवायचं.