मत सिनेमाबद्दलचं की टीव्हीबद्दलचं?

नमस्कार, श्रोतेहो.

घरी बसून एखादा क्रीडापट किंवा जुन्या मॅचचा व्हिडिओ पाहायचा ठरला, की आपण आधी चारचौघांना विचारतो. मग मतं येतात. 'भारी आहे.' 'कंटाळवाणा आहे.' 'चित्राचे ठोकळे पडतात.' 'संवाद ऐकूच येत नाहीत.' 'सगळं सिरियलसारखं दिसतं.' पहिल्या दोन मतांवर वाद घालता येईल. उरलेल्या तिन्हींचा सिनेमाशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो. ती सांगणाऱ्याच्या टीव्हीबद्दलची तक्रार असते.

'सिरियलसारखं दिसतं' हेच आधी घेऊ. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांच्या गतीनं चालतो, आपल्याकडचं मॅचचं प्रक्षेपण 50 च्या. ताशी 140 किलोमीटरनं टाकलेला चेंडू सेकंदाला साधारण 39 मीटर कापतो. म्हणजे प्रक्षेपणात एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत तो पाऊण मीटरहून थोडा जास्त सरकतो, आणि सिनेमात दीड मीटरहून जास्त. एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंतचा प्रवास सिनेमात जेमतेम 11 चित्रांत आटोपतो. क्रिकेटच्या सिनेमात चेंडू बऱ्याचदा संगणकावर काढलेला असतो आणि बॅटला लागायच्या ऐन क्षणी दृश्य बदलतं, त्याचं एक कारण हे आहे. 'खेळ खोटा वाटतो' असं कुणी म्हणालं, तर गोलंदाजाचा हात, टप्पा आणि फटका एकाच सलग दृश्यात दिसतात का, ते पाहा. दिसत असतील तर नटानं मैदानावर घाम गाळलाय.

टीव्ही मात्र कारखान्यातून येतानाच आगाऊपणा करत येतो. दोन खऱ्या चित्रांमध्ये तो स्वतःच्या अंदाजानं चित्रं घुसवतो. त्यानं हालचाल गुळगुळीत होते, आणि लाखो रुपये खर्चून केलेली प्रकाशयोजना नाटकाच्या सेटसारखी दिसू लागते. कंपनीनुसार नाव बदलतं: सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. सेटिंग्जमध्ये पिक्चर, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड किंवा एक्स्पर्ट असं शोधा आणि सिनेमासाठी ते पूर्ण बंद करा. काही टीव्हींवर फिल्ममेकर मोड असतो, तो लावला की हे आपोआप बंद होतं. मॅचला हवं असेल तर सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवा. वर नेलंत तर चेंडूला शेपूट फुटतं किंवा तो बॅटजवळ गायबच होतो, कारण गर्दीच्या पार्श्वभूमीवरचा एवढासा वेगवान ठिपका टीव्हीच्या अंदाजात बसत नाही.

आणि त्या स्पोर्ट्स मोडच्या नादी लागू नका. त्यात पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमचं गवत पोपटी होतं आणि खेळाडू गाजरासारखे. स्टँडर्ड मोड घेऊन उजेड वाढवला की भरदुपारच्या मॅचलाही पुरतो. बऱ्याच टीव्हींवर प्रत्येक इनपुटचं सेटिंग वेगळं राहतं. सेट टॉप बॉक्सच्या इनपुटला मॅचचं आणि अ‍ॅपला सिनेमाचं सेटिंग एकदा लावून ठेवलं, की घरात रिमोटवरून भांडणं होत नाहीत.

ठोकळे पडण्याचं मूळ इंटरनेटच्या वेगात. एचडीला साधारण 5 एमबीपीएस (सेकंदाला 5 मेगाबिट) वेग, फोर-केला 20 ते 25 लागतात. पाणी, पाऊस आणि प्रेक्षकांची गर्दी यांत प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा वेगळं असल्यामुळे वेग कमी पडला की आधी तीच फुटतात. मुरलीकांत पेटकरांनी 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. त्यांच्यावरच्या 2024 च्या 'चंदू चॅम्पियन'मधली पोहण्याची दृश्यं असल्या नेटवर पाहिलीत, तर जलतरणपटू फरशीवर पोहतोय असं वाटेल. सोसायटीत वीस-पंचवीस वायफाय एकमेकांवर आदळत असतात. राउटरचा 5 गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरा, नाहीतर सरळ लॅनची वायर टाका. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या तापकीर गल्लीत ती मिळते. तिथेच एचडीएमआय केबलही घ्या, पण सोन्याचा मुलामा वगैरे ऐकून भुलू नका. साध्या एचडीला साधी केबल चालते, फोर-केला 18 जीबीपीएसची पुरते.

संवाद ऐकू न येण्याचा उपाय याहून सोपा. सिनेमाचा आवाज अनेकदा 5.1 चा, म्हणजे सहा स्पीकरसाठी वाटलेला असतो, त्यात संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात. टीव्हीला दोनच स्पीकर, तेही जमिनीकडे तोंड केलेले. अ‍ॅपमध्ये ध्वनीच्या यादीत स्टिरिओ असेल तर तो निवडा. फरक लगेच कळतो.

आता जुन्या मॅचेस. 1983 ची विश्वचषकाची अंतिम लढत, भारत 183, वेस्ट इंडीज 140, कितीतरी घरांत अजून लावली जाते. त्या काळचं चित्र 4:3 आकाराचं, म्हणजे रुंदी 4 तर उंची 3. इंटरनेटवर चढवणाऱ्यानं ते आजच्या पडद्यावर ताणलं, की सगळं तेहतीस टक्के रुंद होतं. ओळखायची खूण म्हणजे हातात स्थिर धरलेला चेंडू. तो अंडाकृती दिसला तर पिक्चर साइझमध्ये 4:3 निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, येऊ द्या. फिरणाऱ्या बॅटच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसले, तर मात्र मूळ कॅसेटवरून उतरवतानाच चूक झालेली आहे आणि टीव्हीला ते दुरुस्त करता येत नाही. दुसरी प्रत शोधायची. ही चित्रं 8-10 फुटांवरूनच पाहावीत. 43 इंची टीव्हीवर फोर-के सिनेमा साडेपाच फुटांवरून छान दिसतो, पण त्याच अंतरावरून जुनी मॅच पाहिली तर नुसते ठिपके दिसतात.

खरं-खोटं हा मतांचा सगळ्यात तापलेला भाग. 'दंगल'मध्ये शेवटच्या क्षणापर्यंत श्वास रोखायला लावणारी ती अंतिम कुस्ती गीता फोगाटनं 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत प्रत्यक्षात आरामात जिंकली होती, आणि वडिलांना खोलीत कोंडण्याचा प्रकार घडलाच नव्हता. सिनेमा म्हणून त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते व्हिडिओंच्या बाबतीत. 18 जून 1983 ला टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध भारत 5 बाद 17 झाला असताना कपिल देवनं नाबाद 175 केले. त्या सामन्याचं चित्रीकरण उपलब्ध नाही. 'अस्सल फुटेज' म्हणून जे फिरतं, त्यात चेंडू बॅटला लागताना दृश्य बदलतंय का, ते जरूर पाहा. 2021 च्या '83' या सिनेमातला तुकडा असेल तर तिथेच सापडतो.

नमस्कार.