साथीला कोण होते?

अध्यक्षमहाराज आणि श्रोतेहो, पत्रिकेत माझा विषय ‘संगीत, जबाबदारी आणि सामाजिक नीतिमत्ता’ असा छापला आहे, आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु हा विषय माझ्या मनात जिथून सुरू झाला, ती हकीकत आधी सांगणे मला भाग आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी दादरच्या एका सभागृहात माझे गायन होते. पत्रिकेत माझे नाव ठळक होते आणि खाली ‘तबला व संवादिनीच्या साथीसह’ एवढेच. तबल्याला बसलेले गृहस्थ बदलापूरहून आले होते. विलंबित एकतालात ख्याल रंगात आलेला असताना आलापीच्या भरात माझे मात्रांचे भान सुटले आणि सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे हेच मला कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. फक्त आवर्तनाच्या अखेरचे ‘धागे तिरकिट’ नेहमीपेक्षा किंचित ठसठशीत वाजवले. त्या बोलांचा हात धरून मी समेवर आलो. सभागृहाने दाद दिली, ती मला.

कार्यक्रम संपल्यावर आयोजकांनी पाकीट माझ्या हाती दिले आणि त्यांना ‘तुमचे नंतर पाठवतो’ असे सांगितले. त्यांनी तबला-डग्गा गवसणीत घातला, हातोडी पिशवीत टाकली आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून ते घाईने निघाले. मी तिथेच उभा होतो आणि एक शब्दही बोललो नाही. त्यांचे पैसे चार महिन्यांनी पोचले, तेही निम्मे, हे मला दुसऱ्याच एका साथीदाराकडून कळले.

सुराशी प्रामाणिक असणारा माणूस व्यवहारातही प्रामाणिक असतो, असे आपण सहज धरून चालतो. माझा अनुभव तसा नाही. गंधाराची श्रुती जरा ढळली तर अस्वस्थ होणारा मी, त्या रात्री शेजारच्या माणसावरचा अन्याय पाहून स्वस्थ झोपलो. रियाजाने कान तयार होतो. तो कान माणसांकडे वळवायची सवय मात्र वेगळी लावून घ्यावी लागते.

ही सवय ज्यांना होती, त्यांच्यापैकी एक याच मुंबईचे. १८६० साली वाळकेश्वरला जन्मलेले पंडित भातखंडे पेशाने वकील होते. घराण्यांच्या पेटाऱ्यांत बंद असलेल्या शेकडो बंदिशी त्यांनी उस्तादांकडून मिळवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’तून कोणाही विद्यार्थ्याच्या हाती दिल्या. स्वतः रचलेल्या लक्षणगीतांत, म्हणजे रागाची लक्षणे सांगणाऱ्या गीतांत, मात्र त्यांनी ‘चतुर’ एवढीच मुद्रा, म्हणजे रचनाकाराची नाममुद्रा, ठेवली. ज्या उस्तादांच्या गळ्यांतून या चिजा आल्या, त्यांचे ऋण फेडण्याची एक साधी रीत आपल्या हातात आहे: बंदीश कोणाची आणि ती कोणाकडून मिळाली, हे गाण्यापूर्वी सांगणे. ‘सदारंग’ ही मुद्रा आपण रोज गातो, पण ती ख्यालरचनाकार नियामत खाँची, हे विद्यार्थ्याला सांगायचे राहून जाते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले थोडक्यात सांगतो. कॉपीराइट कायद्यातील २०१२ सालच्या दुरुस्तीने चित्रपटातील गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वशुल्कातील वाटा कायद्याने राखून ठेवला. मैफलीतल्या साथीदाराचा वाटा आपल्या शब्दावरच अवलंबून आहे, म्हणून तो आधी ठरवावा आणि त्याच रात्री द्यावा. दुसरे, ध्वनिक्षेपकाबद्दल. ध्वनिप्रदूषणाबाबतच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातल्या मोजक्या दिवशी मिळणारी सवलत हा आपला हक्क आहे असे मानून भिंतीपलीकडच्या आजाऱ्याची झोप मोडणे, हे संगीताच्या नावाने तरी होऊ नये.

आता गायन सुरू होईल. पडद्यामागे तंबोरे जुळत आहेत, मणी सरकवून षड्ज लावला जात असल्याचे इथवर ऐकू येते आहे. तंबोऱ्यावर बसणाऱ्या दोघी विद्यार्थिनींची नावे पत्रिकेत राहून गेली आहेत. निवेदकांनी ती आता वाचावीत, एवढी विनंती करून मी रजा घेतो.