बालाघाटाच्या काठावरून तुळजापूर

(दृश्य: पहाट. सोलापूर–तुळजापूर रस्ता, गाडीच्या काचेतून.)

पुणेकराला पर्वती आहे, सातारकराला अजिंक्यतारा. सकाळी चढायचं, खाली पसरलेलं गाव बघायचं, उतरून कामाला लागायचं. सोलापूरकराला ही चैन नाही. आमचा किल्लासुद्धा भुईकोट! चढ हवा तर उत्तरेला ४५ किलोमीटर जायचं, तुळजापूरच्या घाटापाशी.

वाटेत हिप्परग्याचा तलाव लागतो. आदिला नदीवर मातीचा बांध घालून १८७१ मध्ये तो पुरा झाला. मग तामलवाडी. रस्ता सपाट वाटतो, पण वाटतो एवढंच. सोलापूर समुद्रसपाटीपासून ४५० मीटरच्या आसपास, तुळजापूर ६५० च्या घरात. यातली बरीचशी उंची गाडीत बसल्या बसल्या, नकळत पदरात पडते. उरलेली घाटात, एकदम.

(दृश्य: घाटाचा पायथा. बूट, मुरूम, वाळकं गवत.)

गाडी इथे ठेवू. पाणी प्रत्येकाचं प्रत्येकाकडे. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दोन्ही उन्हात खराब होत नाहीत, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही आणलं असतं तरी घरच्यांनी हेच बांधून दिलं असतं.

चढताना एका बाजूच्या कापलेल्या दरडीकडे लक्ष द्या. काळा दगड, मध्ये तांबूस मुरूम, पुन्हा काळा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्याचे हे थर. बालाघाट म्हणजे दोन खोऱ्यांमधला बांध आहे: उत्तरेचं पाणी मांजरेतून गोदावरीला जातं, दक्षिणेचं सीना, बोरीतून भीमेला. पावसाळा सरला की उतारावर तरवड पिवळा होतो, खडकात सीताफळं धरतात, आणि कुसळं मोज्यांत शिरतात. कुसळांना इलाज नाही.

(दृश्य: घाटशीळ. पायऱ्यांवरून दक्षिणेचा मुलूख.)

हे घाटशीळ. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला भवानीने इथल्या शिळेवरून वाट दाखवली, अशी कथा. कथा बाजूला ठेवली तरी जागा वाट दाखवायलाच आहे. खाली महामार्ग, शेतांचे चौकोन, त्यापलीकडे धुरकट सपाटी. त्यात सोलापूर शोधत बसू नका. गाव बघायचं तर मान फिरवा: वर तुळजापूर, सिमेंटची आणि पत्र्याची छपरं, पाण्याच्या टाक्या, सगळी एकमेकांना चिकटून डोंगराच्या कडेपर्यंत आलेली.

(दृश्य: रात्र. चालणाऱ्यांची रांग, डोक्यावर गाठोडी, हातात काठ्या.)

याच घाटात कोजागरीला पाय ठेवायला जागा नसते. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की देवी पलंगावर निद्रा घेते, ती अश्विन पौर्णिमेला उठते. त्या पौर्णिमेसाठी सोलापुरातून, कर्नाटकातून लोक रात्रभर चालत येतात. मराठी, कन्नड, तेलुगू सगळं कानावर पडतं. ‘आई राजा उदे उदे’ मात्र सगळ्यांचं एकच. वाहनं दुसऱ्या रस्त्याने वळवलेली असतात. रस्त्याकडेला कुणी चहा देतं, कुणी केळी, कुणी अनोळखी माणसाच्या पायांना तेल लावत बसतं. चाळीस किलोमीटर चालून आलेल्याला हा शेवटचा चढ काय वाटत असेल, ते गाडीने आलेल्या आपल्याला कळणार नाही. मानाच्या काठ्याही सोलापुरातून इथवर येतात.

(दृश्य: गावातली गल्ली, महाद्वार, उतरत्या पायऱ्या.)

गंमत पुढे आहे. एवढा डोंगर चढून आलो आणि देवळात जायला पायऱ्या उतरायच्या. गोमुख तीर्थ, कल्लोळ तीर्थ, मग गाभारा. रांग मोठी असेल तर बाहेरूनच हात जोडा. फेरी अर्धीच झालीय.

(दृश्य: परतीचा उतार, दुपार.)

परत उतरताना डांबरी रस्त्याच्या कडेने, वाहनांकडे तोंड करून चाला. आडवाटेचा मोह टाळा. मुरमावर पाय सरकतो आणि धरायला बाभळीशिवाय काही नसतं. एप्रिल-मे मध्ये तर हा विचारच नको, दगड तापतो आणि सावली नसते. ऑगस्ट ते जानेवारी, सकाळी सातच्या आत सुरुवात. आणि मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा सोडून. त्या दिवशी घाट चालायला मोकळा नसतो, आणि पायथ्याशी गाडी लावायला जागा तर नसतेच.